दुसरा रेफ्री

"वैरागडेच ना?" पोफळी सरांनी विचारलं आणि हातातलं पत्र माझ्या टेबलावर टाकलं.

मी कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला उठले. पाणी होतं, सकाळीच भरलं होतं. पण नागपूरच्या मे महिन्यात उत्तर टाळायला कूलरइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

"वीणाबाई, मी तुम्हाला विचारून राहिलो."

"सर, आधी बसा. उन्हातून आलात. पन्हं देते."

"पन्हं नको. नाव पाहिजे."

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. आमच्या परिषदेचं तेव्हा एक त्रैमासिक निघायचं, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या बांधावरचं. कोणता रेणू शरीरातल्या कोणत्या प्रथिनाला जाऊन धरतो, धरल्यावर काय बिघडतं नाहीतर सुधारतं, असे शोधनिबंध त्यात छापून यायचे. वाचणारे थोडे, लिहिणारे त्याहून जास्त. संपादक म्हणून काणेसाहेबांचं नाव होतं आणि सहायक संपादक म्हणून माझं. म्हणजे साहेब सही करायचे आणि उरलेलं सगळं मी करायची.

आलेला प्रत्येक निबंध तपासायला दोन रेफ्रींकडे, म्हणजे त्या विषयातल्या जाणकारांकडे, जायचा. निबंध कुणाचा हे रेफ्रीला कळू द्यायचं नाही आणि रेफ्री कोण हे लेखकाला, असा नियम. त्यातलं पहिलं जमणं कठीणच होतं. पळसाच्या फुलातल्या पिवळ्या रेणूवर निबंध आला की तो दिवाकर पोफळींचा, हे आमच्या वर्तुळात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दुसरी बाजू मात्र काणेसाहेब डोळ्यांत तेल घालून सांभाळत. रेफ्रीचा अभिप्राय आला की मी तो नव्यानं टाईप करायचा, आणि करता करता त्याची लकब मोडून टाकायची. एखाद्याला दर दुसरं वाक्य 'तथापि'नं सुरू करायची खोड असली तर ते तथापि मी तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढायची. या कामात माझा हात बसला होता आणि मला त्याचा थोडा ताठाही होता.

पण लकब मोडता येते, सुचवलेला प्रयोग कसा मोडणार?

पोफळी सरांचा निबंध दुसऱ्या रेफ्रीनं नाकारला होता. पहिल्यानं तोंड भरून स्तुती केली होती, आणि दुसऱ्यानं एवढंच म्हटलं होतं की या मिश्रणात साबणासारख्या द्रव्याचा एक थेंब टाकून प्रयोग पुन्हा करावा. परिणाम टिकला तरच हे औषध म्हणायचं, नाहीतर तो गुठळ्यांचा खेळ आहे. आणि साबणाचा थेंब म्हटलं की सगळ्या विदर्भात एकच नाव पुढे यायचं, शंकर वैरागडे.

वैरागडे सरांनी मला बी.एस्सी.ला शिकवलं होतं. वर्गात ते पिठल्याचं उदाहरण द्यायचे. "पिठल्यात गुठळ्या झाल्या की मीठ त्यांच्यात अडकून बसतं आणि बाकीचं पिठलं अळणी लागतं. तुमचे काही रेणू तसेच असतात. पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांच्या बारीक गुठळ्या होतात, आणि समोर येईल ते एन्झाइम त्यांना चिकटून बसतं. एन्झाइमचं काम बंद पडलं की आपण नाचतो, औषध सापडलं म्हणून. साबणाचा थेंब टाका. गुठळ्या मोडतील आणि खरं काय ते कळेल." त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला हे पिठलं पाठ होतं.

"दर गुरुवारी माझ्या घरचा गोळाभात खातो तो," पोफळी सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तो फाटल्यासारखा येत होता. "त्याची बायको गेल्यापासून एक गुरुवार चुकला नाही. आमची मंदा डबा भरते, मी घेऊन जातो, दोघं बसून खातो. तोंडावर माझ्या पिवळ्याची चेष्टा करायचा, ते चालायचं. मीही म्हणायचो, तुझं ते लाँड्रीचं शास्त्र तुझ्याजवळ ठेव. पण असं पाठीमागून? नाव लपवून?"

"सर, मला काही सांगता येत नाही. तुम्हाला नियम माहीत आहे."

"ठीक आहे. तुम्ही सांगू नका. मी म्हणतो वैरागडे. चूक असेल तर फक्त नाही म्हणा."

माणूस हुशार होता, मला बरोबर कोपऱ्यात गाठलं. वैरागडे नव्हते हे मला पक्कं माहीत होतं. निबंध आधी त्यांच्याकडेच गेला होता, पण 'लेखक माझा मित्र आहे, मी यावर बोलणं बरं नाही' असं लिहून त्यांनी तो परत पाठवला होता. तरी 'हो' म्हणणं जितकं नियमाबाहेर तितकंच 'नाही' म्हणणंही. आज एका नावाला नाही म्हटलं की उद्या प्रत्येक लेखक दहा नावं घेऊन माझ्यासमोर बसला असता. मी मूग गिळून उभी राहिले.

पोफळी सरांनी माझ्याकडे पाहिलं, पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. "समजलं," ते म्हणाले, आणि टोपी न घालताच उन्हात निघून गेले.

त्यांचं दुःख मला दिसत होतं, तसं कुणालाही दिसलं असतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या पिवळ्या रेणूवर घातली होती. पळस फुलला की स्वतः झोळी घेऊन रामटेकच्या बाजूला फुलं वेचायला जायचे. हत्तीपायाच्या कृमीचं एक एन्झाइम हा रेणू बंद पाडतो असं त्यांना आढळलं होतं. निबंध छापून आला असता तर पावसाळा संपल्यावर भंडाऱ्याकडच्या गावांत रोग्यांना ते औषध देऊन पाहायचं, असं सरकारदरबारी ठरतही आलं होतं. त्याच वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. म्हणजे छापून आलं असतं तर आयुष्याचं सार्थक झालं असतं, आणि नाही तर हातात नुसता पिवळा रंग राहणार होता.

गुरुवारचा डबा बंद झाला.

हे मला मंदावहिनींकडूनच कळलं, बर्डीच्या बाजारात भाजी घेताना. "मी भरून ठेवला होता डबा, हे म्हणाले कामवालीला देऊन टाक," त्या म्हणाल्या. "वीणा, तिकडे वैरागडे भाऊजींच्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टरांनी हात टेकले. आणि यांचं हे असं."

ती गाठीची बातमी मला तिथे भेंडीच्या ढिगापाशी कळली. मी भाजी न घेताच घरी आले.

मग जो तो वैरागडे सरांना विचारू लागला. विद्यापीठात अशा गोष्टी वाऱ्यावर जातात. कुणी म्हणे, सर, तुम्हीच का हो पोफळींचा पेपर पाडला? ते म्हणायचे, "असेल." फक्त असेल. नाही म्हणायला काय जात होतं त्यांचं? मला त्यांचा राग येऊ लागला. पोफळी वड्याचं तेल वांग्यावर काढत होते, आणि वांगं बिचारं मुकाट्यानं तळून घेत होतं.

शेवटी मी काणेसाहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, एवढं एकच सांगू द्या. वैरागडे नव्हते, एवढंच. दुसरं नाव मी मेले तरी घेणार नाही."

काणेसाहेब चष्मा पुसत होते. ते चष्मा पुसू लागले की उत्तर नाही असं असायचं. "वीणाबाई, आपल्या त्रैमासिकात विकत घेण्यासारखं काय आहे? कागद वाईट, छपाई त्याहून वाईट. एक गोष्ट चांगली आहे, इथलं नाव बाहेर जात नाही. तीही घालवायची?"

"माणूस मरायला टेकलाय, साहेब."

"माहीत आहे. माझाही तो मित्रच आहे." त्यांनी चष्मा लावला आणि समोरचा कागद ओढला.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की नियम गेला खड्ड्यात. पण आधी वैरागडे सरांना सांगावं, त्यांच्या कानावर घालून मग पोफळींकडे जावं. पुढच्या गुरुवारी दुपारी मी त्यांच्या बजाजनगरच्या घरी गेले.

ते पुढच्या खोलीतच कॉटवर पडले होते. शरीर इतकं उतरलं होतं की चादरीखाली माणूस आहे हे बघून कळलं नसतं. डोळे मात्र वर्गातले होते.

"ये, वीणा. आज वार कोणता?"

"गुरुवार, सर."

त्यांनी मान हलवली. वार त्यांना माहीत असणारच, असं मला वाटलं. मी स्टूल ओढून बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की मी इथून पोफळी सरांकडे जाणार आहे, तुम्ही नव्हता एवढं सांगणार आहे, नोकरी गेली तर गेली.

"बस," ते म्हणाले. "पाणी पी."

"पाणी नको सर. तुम्ही हो म्हणा फक्त."

"मी नव्हतो म्हणून सांगशील. मग उरलं कोण?"

"ते नाव मी सांगणार नाही."

"तू कशाला सांगायला पाहिजे? दिवाकर काय बावळट आहे? आधी त्याला आनंद होईल, मग तो विचार करायला बसेल. साबणाचा थेंब वैरागडेनं नाही सुचवला, मग कुणी? वैरागडेकडे शिकलेल्यांपैकी कुणी. कृमीच्या एन्झाइमची माहिती आणि साबणाची खोड, दोन्ही असलेलं माणूस कोण? वर्षभर माझ्या प्रयोगशाळेत कुणाला पाठवलं होतं त्यानं, स्वतः स्कूटरवर आणून सोडलं होतं?"

इतके दिवस मी फक्त एक दार उघडायचा विचार करत होते, त्या दारामागे दुसरं कोण उभं आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

दुसरी रेफ्री रेवती होती. रेवती उमरेडकर, पोफळी सरांची विद्यार्थिनी. तेव्हा ती अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवत होती, म्हणून काणेसाहेबांना तिच्याकडे निबंध पाठवण्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण पोफळींना मूलबाळ नव्हतं. रेवतीचे वडील लवकर वारले, तेव्हा तिचं शिक्षण सरांनी केलं, आणि तिच्या लग्नात कन्यादानाला पाटावर तेच आणि मंदावहिनी बसले होते.

"काणेला तिचं नाव मीच सुचवलं," वैरागडे सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर डोळे झाकून पास झाला असता. आणि मग पावसाळ्यानंतर गावात जाऊन लोकांना गुठळ्या पाजल्या असत्या. तिनंही त्याला एकदा चहाच्या वेळी सांगून पाहिलं होतं म्हणे. त्यानं हसण्यावारी नेलं, वैरागडेची शिकवण म्हणून. मग तिनं लिहिलं. लिहिलं आणि माझ्याकडे येऊन रडली. सरांना सांगून टाकते म्हणत होती. मी शपथ घातली."

"पण का, सर?"

"पुढच्या आठवड्यात तिची मुलाखत आहे. दिवाकरच्याच जागेवर. समितीत तो आहे. त्याला कळलं तर तो तिला पाडणार नाही, तसला नाही तो. राजीनामा देऊन घरी बसेल आणि तिचं तोंड पाहणार नाही. ती नोकरी तिला मिळेलही. पण नंतर त्याच्या घरी पाणी द्यायला कोण येईल?" त्यांना धाप लागली. मी उठले तर त्यांनी हातानं बस म्हटलं. "वीणा, मित्र गेला तर त्याला चालेल. मी तसाही जाऊनच राहिलो. मुलगी गेली तर तो काय करेल?"

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. सरांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. पोफळी सर दारात उभे होते. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात डबा. मला पाहून ते जरा थबकले.

"बरं झालं तुम्ही आहात," ते म्हणाले. "साक्षीला कोणी पाहिजेच होतं."

त्यांनी डबा खिडकीत ठेवला आणि कॉटच्या कडेला बसले. 

"शंकर, मी भांडायला नाही आलो. मंदानं पाठवलं म्हणूनही नाही आलो. मला झोप नाही येऊन राहिली. मला एक शब्द पाहिजे. तूच होतास नं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. वैरागडे सरांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात कुणी मध्येच उत्तर देऊ लागलं की पाहायचे तसं, आणि मग म्हणाले, "हो रे. मीच होतो."

"मग माझ्याशी का नाही बोललास नीट? नाव लपवून काहून लिहिलंस?"

"धीर नाही झाला. चुकलंच माझं, दिवाकर."

पोफळी सरांचा चेहरा आधी कठीण झाला, मग हळूहळू सैल पडला. इतके दिवस धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी घेतलं असं काहीतरी झालं असावं. त्यांनी वैरागडेंचा हात हातात घेतला. "जाऊ दे," ते म्हणाले. "मी माफ केलं तुला. मनापासून केलं. आता नको मनात ठेवू."

"नाही ठेवत."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. ज्यानं काही केलं नव्हतं त्याला माफी मिळत होती, आणि तो ती घेत होता, सणाला मिळालेलं वस्त्र घ्यावं तशी.

"पण एक ऐक," वैरागडे म्हणाले. "मी लिहिलं ते खरं लिहिलं. साबण टाकून पहा एकदा. टिकलं तर मी हरलो, तू माझ्या फोटोला जोडा मार. पण पाहिल्याशिवाय गावात कुणाला देऊ नको. शेवटचं मागून राहिलो."

पोफळी सरांनी त्यांचा हात हलकेच चादरीवर ठेवला. "करतो," ते म्हणाले.

मग त्यांनी डबा उघडला. हिंगमोहरीच्या फोडणीचा वास खोलीभर पसरला. वैरागडे सरांना त्या दिवसांत पेजसुद्धा जात नव्हती. पोफळींनी एक गोळा बोटांनी मोडला, भातात कालवला, वर चिंचेचं सार घातलं आणि घास त्यांच्या तोंडात दिला. त्यांनी तो गिळला. दुसराही गिळला. मी निघाले तेव्हा दोघं मंदावहिनींच्या हाताला मीठ जास्त की कमी यावर वाद घालत होते.

जूनमध्ये वैरागडे सर गेले. त्याआधी रेवतीची निवड झाली होती आणि ती बातमी त्यांना कळली होती. पोफळी सरांनी शब्द पाळला. साबणाचा थेंब टाकला आणि पिवळ्याचा परिणाम नाहीसा झाला. गावात औषध द्यायचा बेत त्यांनी स्वतःच पत्र लिहून रद्द केला. त्या पत्राची प्रत त्यांनी आमच्या कार्यालयात आणून दिली, तेव्हा त्यांची पाठ मला वाकल्यासारखी दिसली.

शोकसभा परिषदेच्या सभागृहात झाली. पोफळी सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी काही झाकलं नाही. माझी आयुष्यभराची चूक वैरागडेनं थांबवली, माझ्या हातून रोग्यांचं वाटोळं व्हायचं वाचलं, आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, असं ते म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. मागच्या रांगेत रेवती ताठ बसली होती, मांडीवरच्या पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून.

सभा संपल्यावर व्हरांड्यात चहा होता. मी कप भरत होते. पोफळी सर रेवतीला घेऊन माझ्याजवळच येऊन उभे राहिले. त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता.

"रेवती, आता तू माझ्या खुर्चीत बसणार," ते म्हणाले. "शंकरकडून साबण तू शिकलीसच. आणखी एक शीक. जे लिहिलं ते मीच लिहिलं, असं समोरच्याच्या तोंडावर सांगायला छाती लागते. उशिरा का होईना, मरणाच्या दारात का होईना, त्यानं सांगितलं. या वीणाबाई साक्षीला आहेत. ते जमलं तर विज्ञान जमलं असं समज."

रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. मी किटली खाली ठेवली.

"सर," ती म्हणाली.

"काय?"

तिचे ओठ हलले. मग तिनं मान खाली घातली. "हो, सर. शिकते."

तिनं कप कठड्यावर ठेवला आणि व्हरांड्याच्या टोकाला, नळापाशी निघून गेली. तिथून नळ सोडल्याचा आवाज येऊ लागला आणि बराच वेळ येत राहिला. पोफळी सर त्या दिशेनं पाहत उभे होते. त्यांचा चहा गार झाला होता.

"फार लळा होता पोरीला वैरागडेचा," ते मला म्हणाले.

"हो, सर," मी म्हटलं आणि त्यांचा कप पुन्हा भरला.